आपलाच आहे!

रस्त्यावर ‘जोशी’ अशी पाटी दिसली की काकांचा पाय स्कूटरच्या ब्रेकवर जायचा. मागे बसलेला माणूस त्यांच्या पाठीवर आपटायचा आणि काका मान न वळवता म्हणायचे, “आपलाच आहे.”

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत जोशीकाका खालच्या मजल्यावर राहत, त्यामुळे आपटणारा माणूस बहुधा मीच असे. माझं नाक असं बसकं आहे ते त्यामुळेच. त्या वर्षांत तिकडे सेक्टरला नंबर आधी मिळायचा आणि रस्ता मागाहून. रोज नव्या पाट्या उगवत, त्यांत एक तरी जोशी निघायचाच. जोशी टायर, जोशी प्रॉपर्टी डीलर, जोशी कम्प्युटर क्लासेस. कोणी जोधपूरचा, कोणी अल्मोड्याचा, कोणी गुजरातेतला. काका प्रत्येकाला मिठी मारून सांगत, मूळ खानदान एकच, आपण भाऊ-भाऊ. तुम्ही म्हणाल मी फुगवून सांगतोय, पण एका म्हशीचा मालक जोशी निघाला तेव्हा काकांनी म्हशीलाही नमस्कार केला होता.

एकदा पानिपतला, काला अंबच्या स्मारकापाशी, ते डोळे पुसत म्हणाले, “इथेही एखादा जोशी असणारच. मुहूर्त काढायला.”

“तरीच,” काकू म्हणाल्या, “हरलो कसे ते आज कळलं.”

पुढे काकांच्या मुलीने गुरगावच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. तोही जोशी, आमच्या अल्मोडेवाल्या प्रॉपर्टी डीलरचा मुलगा. काकांनी पेढे आधी वाटले आणि मुलाच्या वडिलांना नंतर बोलावलं.

वडील आले, चहा नको म्हणाले आणि हात जोडून बसले. “भाईसाहब, बरसों से आप कह रहे हैं, हम एक खानदान के हैं. फिर तो बच्चे भाई-बहन हुए. शादी कैसे होगी?”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचा चेहरा पार उतरलेला. “बाबा,” ती म्हणाली, “बोला ना.”

फरीदाबादभर जमवलेलं सगळं गोत काकांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. ते उठून उभे राहिले.

“गोत्र अलग, गाँव अलग, बोली अलग. आप हमारे कोई नहीं लगते.”

“कोई नहीं?”

“बिल्कुल कोई नहीं.” हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

“तो फिर चाय मँगवाइए, समधीजी.”

लग्नाच्या कमानीवर ‘जोशी आणि जोशी परिवार’ असं लिहायचं होतं. पेंटरला वाटलं चूक झाली, त्याने एक जोशी गाळून नुसतं ‘जोशी परिवार’ लिहिलं. काका दिवसभर त्या कमानीखालून जा-ये करत होते.

ते गेले तेव्हा स्मशानात गुरुजींनी पुकारलं, “घर के लोग आगे आइए.” टायरवाला पुढे आला, क्लासवाला आला, म्हशीचा मालकही आला. गुरुजी गोंधळून आमच्याकडे बघू लागले. सगळ्यांत पुढे, डोक्यावर रुमाल बांधून खांदा द्यायला वाकलेला, तो अल्मोडेवाला होता. काकांचा कोणी न लागणारा.