दगडातलं जवस

आमच्या बियाण्यांच्या कंपनीत दाणे निवडणाऱ्या त्या बाईंना आम्ही सगळे मावशीच म्हणतो. तळहातावर दाणे घेऊन त्या हात जरासा तिरका करतात, हलकी फुंकर मारतात आणि "थांबा जरा" म्हटल्याशिवाय कधीच मत देत नाहीत.

यंदा कंपनीच्या कॅलेंडरसाठी मी इजिप्तमधल्या एका प्राचीन थडग्याच्या भिंतीचा फोटो निवडला होता. दगडात कोरून रंगवलेली माणसं शेतात राबत होती. खाली मी 'गव्हाची कापणी' असं लिहिलं होतं. छपाईला पाठवणार, तेवढ्यात मावशी नमुन्यांची पाकिटं द्यायला आल्या आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर थबकल्या.

"थांबा जरा. गहू न्हाई हे. जवस हाय."

"कशावरून?"

"कुणाच्याच हातात विळा न्हाई. मुळासगट उपटून राह्यलेत. बोंडं बघा ना, गोल गोल."

मी शोधून पाहिलं. जवसच होतं. ते लोक त्याच्या धाग्याचं कापड विणत आणि धागा लांब मिळावा म्हणून झाडं मुळासकट उपटत.

"किती जुनं हाय?" त्यांनी विचारलं.

"चार हजार वर्षांचं."

मावशी स्क्रीनच्या जवळ सरकल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी एका वाकलेल्या पाठीवर बोट ठेवलं.

"कोरणाऱ्यानं सोता उपटलेलं दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "कंबर कुठं दुखते, ते त्याला बराबर ठावं हाय."