डावी बाही

आमच्या पडवीत माझं शिलाई मशीन आहे. समोरूनच कारखान्यांकडे जाणारा रस्ता, म्हणून गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येतं. रसायनीकडून वारा सुटला की नाकाला ओढणी लावायची आणि काम चालू ठेवायचं. ब्लाउज शिवते, पडदे शिवते, आणि रबराच्या कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम गठ्ठाभर राखाडी शर्ट आणून टाकतो, तेही दुरुस्त करते. ते काम मला आवडत नाही, पण पोट काही आवडीवर चालत नाही.

त्या शर्टांतला एक माझ्या ओळखीचा झाला. एकदा त्याची कॉलर पार विरली होती आणि माझ्याकडचं राखाडी कापड संपलेलं. मग मी आतून माझ्या जुन्या कुर्त्याची हिरव्या फुलांची पट्टी लावून दिली. कॉलरच्या आत कोण डोकावतंय. काही महिन्यांनी तोच शर्ट परत आला, डावी बाही कोपरापासून खांद्यापर्यंत फाटलेली, कुणी धरून ओढल्यासारखी. मी दुहेरी शिलाई मारून दिली. पाऊस सरला, भात कापून झालं, आणि शर्ट पुन्हा आला. बाही तीच, फाटली होती तिथेच.

"घालणारा दांडगट हाय का कोण?" मी मुकादमाला विचारलं.

"तो गेला गावी. आता दुसऱ्याला द्यायचाय."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तो पन गावीच गेला."

मुकादम कडावकडचा, एरवी दहा वाक्यांत एकदा श्वास घेणारा. त्या दिवशी मात्र मशीनच्या चाकाकडे बघत बोलला आणि चहा न घेताच उठला.

शिवणीत तपकिरी काहीतरी बसलं होतं. मी शर्ट भिजवला, घासला, दोरीवर टाकला. वाऱ्यावर सगळे कपडे हलत होते, तो शर्टसुद्धा. डावी बाही तेवढी सरळ खाली लोंबत होती. मी दोनदा बाहेर जाऊन पाहिलं. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि मी काही भित्री बाई नाही.

डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई त्या कारखान्यात झाडूला जाते. येताना माझ्याकडे पाणी प्यायला टेकते. त्या दिवशी ती अंगणात पाय ठेवायला तयार होईना.

"भाभी, तो शर्ट काढ गं आधी. त्या रोलरवरचा हाय."

मी तो खाली घेतला, तेव्हा कुठे ती बसली आणि सांगू लागली. आपण पोळी लाटतो तसं तिथे दोन मोठ्या रोलरांमध्ये रबर लाटतात. थांबवायची दोरी कधीची तुटलीय, कोणी बांधत नाही. बाहीचं टोक आत गेलं की हात मागोमाग जातो. दोघांना तिच्या डोळ्यांदेखत गाडीत घातलं होतं. "ते गावी नाय गेले," ती म्हणाली. "आमी बाया त्या रोलरखाली झाडतच नाय आता. गप उभं राह्यलं तर आपल्यालाच बोलवतो, असं वाटतं."

शर्ट मी पुन्हा दुहेरी शिलाई मारून मुकादमाला दिला. त्याच आठवड्यात आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू नवा युनिफॉर्म घालून दाखवायला आला. हा ओडिशाचा, अंगाने किरकोळ, मला मौसी म्हणतो. रोज संध्याकाळी फोनवर लेकीला आमचं मांजर दाखवतो. शर्ट त्याला गुडघ्यांपर्यंत आला होता, बाह्यांत बोटं बुडाली होती. मी त्याची कॉलर उलटून पाहिली. आत माझी हिरवी फुलं.

"रोलरवर घातला मला," तो हसत म्हणाला.

मी त्याला जाऊ नकोस म्हणून सांगितलं, का ते सांगितलं. त्याचं हसू गेलं. "नाय बोललो तर मुकादम काढून टाकेल, मौसी. मग कुठं जाऊ?" परक्या मुलखात तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात ही माणसं.

मी मुकादमाला गाठलं. म्हटलं, बाही आखूड करते, नाहीतर मापात तरी घेते.

"लांबच पायजे, रबर गरम असतं. आणि मापात नको घेऊ, भाभी. उद्या दुसरा आला तर त्याला नको व्हायला?"

वांगी निवडावीत तसं बोलला मेला. शर्टाला माणूस बदलायचा, माणसाला शर्ट नाही. इतका संताप आला की शिवीसुद्धा आठवेना.

घरी येऊन मी भाडेकरूचा शर्ट मागून घेतला. डाव्या बाहीची माझीच दुहेरी शिलाई उसवली. मग ती खांद्याला नुसत्या कच्च्या टाक्याने जोडली, माप बघताना आम्ही घालतो तसा, हिसका बसला की सुटणारा. उजवीचंही तसंच केलं. मनगटाची बटणं कापून टाकली.

नंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. गाडीचा हॉर्न वाजला तरी सुई बोटात जायची.

एका उतरत्या दुपारी, असरची अजान होत असताना, मुकादम गठ्ठा घेऊन आला. वर तोच शर्ट होता. डावी बाही नव्हतीच.

"तो पन गावी गेला?" मी कसंबसं विचारलं.

"कोण? तो काय, टेंपोपाशी हाय."

मी धावत बाहेर गेले. तो बनियनवर उभा होता, उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एक एक करून चाचपत. अंगठ्यापर्यंत पोचला की परत करंगळीपासून सुरू करायचा. मी त्याचा हात हातात घेतला आणि रडले. दुसऱ्या दिवशी वाडीवरच्या बाईने सांगितलं, रबराच्या लादीत ती बाही सपाट लाटलेली निघाली, पूर्ण लांबीची, हात असावा तशी वाकलेली. लादी कोणी उचलेना.

"भाभी, तुझा टाका टिकत नाय," मी अजून त्याचा हात धरून उभी होते, तेव्हाच मुकादम पडवीतून ओरडला. "नवी बाही लाव, आणि पक्की मार. उद्या त्याला परत तिथंच उभा करायचाय. हे बाकीचे पन बघ."

मी डोळे पुसले आणि होय म्हणाले. तो गेल्यावर गठ्ठा सोडला, आणि एकेका शर्टाच्या बाह्या खांद्यापासून उसवायला घेतल्या.