बोटीवरच्या चित्रात गेलेली खोली

आमच्या गल्लीतली एक बाई परवा क्रूझला निघाली. निघायच्या आधी मला विचारायला आली, "काकू, तिथं म्हणे चित्रांचा लिलाव असतो. घ्यावं का एखादं? काका तर म्हणतात, चांगली गुंतवणूक असते." काका म्हणजे आमचे हे. आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि कान इकडंच होते. मी म्हटलं, "काका काय म्हणतात ते काकांनाच विचार. मला विचारशील तर त्या हॉलमध्ये पाऊल टाकू नको. टाकलंसच, तर नवऱ्याचे दोन्ही हात धरून बस."

ती हसली. तिला वाटलं, काकू गंमत करतात. मी काही गंमत करत नव्हते. त्या चित्राचा विषय निघाला की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते, आणि ते आमच्या बैठकीत दारासमोरच टांगलेलं असल्यामुळं विषय रोजच निघतो.

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते आणि हे रेल्वेत, होटगीला. दोघंही आता रिटायर. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावर आमचं घर. जिना इतका उभा की धडधाकट माणूसही लोंबती दोरी धरूनच चढतो. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, अक्कलकोटजवळ मैंदर्गीला एकटी राहते. मला भाऊ नाही. अव्वाचे गुडघे गेलेत, एका डोळ्यानं दिसत नाही. मागं एकदा न्हाणीत पडली, तर सकाळची दुपार होईपर्यंत कुणाला पत्ता नाही. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर लागला होता. तिला सोलापूरला आणायचं.

पण लेकीकडं राहायचं म्हटलं की अव्वाची मान खाली. "जावयाच्या घरात म्हातारपण काढू व्हय? गाव काय म्हणंल?" हे एकच पालुपद. मी किती विनवण्या केल्या, रुसले, भांडले. एकदा कशीबशी आठ दिवसांसाठी आणली, तर जिन्यातच मधल्या पायरीवर अडकली. वर येईना, खाली जाईना. परत जाताना तर एकेका पायरीवर बसत बसत उतरली आणि खाली पोचल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आता न्हाय गं बाई यायची."

मग आमच्याच इमारतीतली खालची खोली रिकामी झाली. मालकाला डिपॉझिट हवं होतं आणि मागच्या बाजूला संडास-बाथरूम आपल्या खर्चानं बांधून घ्यायचं होतं. मी माझ्या फंडाचे पैसे त्यासाठी म्हणून बाजूला ठेवले. यांना सांगितलं, आणि एकदा नाही, उठता-बसता सांगितलं. मैंदर्गीला जाऊन अव्वाला म्हटलं, "जावयाच्या घरात नाही राहायचं तुला. तुझी वेगळी खोली, तुझा वेगळा गॅस, तुझं दार वेगळं. आम्ही वर, तू खाली." दार वेगळंच ना, असं तिनं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "तसं आसंल तर येते की. दसरा झाला की येते." मी परतीच्या बसमध्ये रडले. आनंदानं.

त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या मुलानं आम्हाला क्रूझला पाठवलं. आयुष्यभर राबलात, आता जरा फिरून या म्हणाला. सिंगापूरहून सुटणारी बोट. बोट कसली, आख्खी पेठच तरंगत होती. परदेशात अडीअडचण आली तर असू द्या म्हणून पोरानं यांचं बँकेचं कार्ड तिकडं चालेल असं करून दिलं होतं. खातं आमच्या दोघांच्या नावावर. माझा फंडही त्याच खात्यात. तो वेगळ्या खात्यात ठेवायची बुद्धी मला झाली नाही, कारण नवऱ्यापासून पैसे वेगळे ठेवायचे असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता यांची एक खोड सांगायला हवी. आमच्या पेठेतल्या गणपती मंडळात विसर्जनाच्या दिवशी बाप्पापुढच्या नारळाचा आणि लाडवाचा लिलाव होतो. हे तिथले जुने कार्यकर्ते. यांचं काम बोली वर चढवायचं. समोर कोण बसलंय, कोण कुठवर ताणेल हे यांना पाठ. हे बोलतात, समोरचा इरेला पेटतो, हे आणखी बोलतात आणि बरोबर वेळेवर गप्प बसतात. कधी नारळ गळ्यात पडलाच तर टाळ्या, गुलाल, खांद्यावर उपरणं. पैसे पुढच्या गणपतीपर्यंत कधीही दिले तरी चालतात. तिथं नारळाची किंमत कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की हा मंडळाला दिलेला पैसा आहे. आणि एकदा भर सभेत बोलल्यावर माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं.

ही अक्कल घेऊन माझा नवरा बोटीवरच्या लिलावात जाऊन बसला.

मी म्हणत होते, चला वर डेकवर, वारा खाऊ. पण दारातच फुकट शॅम्पेनचे ग्लास वाटत होते. हे पीत नाहीत, तरी फुकट म्हटल्यावर एक हातात धरून बसले. एका मुलीनं गोड हसून यांचं नाव लिहून घेतलं, कार्ड घेतलं, सही घेतली आणि बोली लावायला वर करायचा, नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा पंखा हातात दिला. पुढं सुटाबुटातला एक माणूस हातोडी घेऊन उभा. बोलण्यात असा पटाईत की आमच्या मंडळाचा माइकवाला त्याच्यापुढं मुका. त्यानं यांना विचारलं, कुठून आलात? हे म्हणाले, सोलापूर, इंडिया. झालं. त्यानंतर तो दर दोन वाक्यांनी "माय फ्रेंड फ्रॉम इंडिया" म्हणायला लागला, आणि लोक वळून बघायला लागले. यांची छाती फुगली. मला ती ओळखीची फुगणारी छाती दिसली आणि मी यांचा शर्ट मागून ओढला. यांनी माझा हात झटकला.

एक चित्र आलं. समुद्रकाठचं हॉटेल, टेबलावर दोन ग्लास, लाल छत्री, माणूस एक नाही. यांनी पंखा वर केला. मला कानात म्हणाले, "घ्यायचं नाहीये गं. नुसतं चढवतो." कुणासाठी चढवता? तिथं काय देऊळ बांधायचं होतं का? हातोडीवाला आकडा वाढवत गेला, हे पंखा वर करत गेले. तो आमच्या मागं बघून म्हणायचा, तिकडून आली, आणखी आली. मी वळून बघितलं. मागं ट्रे घेतलेला एक वेटर आणि भिंत. दुसरं कुणी मला तरी दिसलं नाही. मी यांना म्हटलं, "अहो, मागं कुणी नाही." हे म्हणाले, "गप. आता सोडलं तर सगळ्यांसमोर शोभा होईल." सगळे म्हणजे कोण? ज्यांचं तोंड पुन्हा जन्मात दिसणार नव्हतं ते.

हातोडी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि हे उठून चारी दिशांना हात जोडून उभे राहिले. मला शपथेवर विचारा, हे गुलालाची वाट बघत होते.

केबिनमध्ये आल्यावर मी विचारलं, "पैसे कुठून देणार?" हे म्हणाले, "लगेच कुठं द्यायचेत? बघू की सावकाश." तेवढ्यात मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. यांनी तो वाचला आणि पलंगावर बसले. मी मेसेज बघितला. खालची खोली त्यात होती. डिपॉझिट, बाथरूम, सगळं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या मुलीकडं गेले, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, परत घ्या. तिनं तेच गोड हसू हसून यांची सही दाखवली. उरलेले दिवस मी समुद्राकडं तोंड करून बसून राहिले. समुद्र काय, काळं पाणी.

घरी आल्यावर यांनी नवं सुरू केलं. चित्राबरोबर एक सर्टिफिकेट होतं आणि त्यावर दिलेल्या पैशाच्या दुप्पट किंमत लिहिली होती. "विकू. डिपॉझिट भरून वर पैसे उरतील." दुप्पट किंमत कुणी लिहिली? ज्यांनी विकलं त्यांनीच. म्हणजे भाजीवालीनं स्वतःच्या वांग्याला स्वतःच शंभर मार्क द्यायचे. पण मी आशेला लागले, हे खरं. माणूस बुडायला लागला की काहीही धरतो.

श्रावणात चित्र आलं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळून. वर कस्टमची ड्युटी भरा. मुलानं मुंबईतल्या आर्ट गॅलरीवाल्यांना फोटो पाठवले, फोन केले. सगळ्यांचं उत्तर एकच. हे कॅनव्हासवर मशीननं छापलेलं आहे, वरून चार ठिकाणी रंगाचे फटकारे मारलेत, अशा शेकड्यानं प्रती निघतात, आमच्याकडं याला गिऱ्हाईक नाही. बोटीवाल्यांना मेल केली तर म्हणाले, आम्ही परत घेत नाही, शुभेच्छा. एवढ्यावरून कुणाला काय समजायचं ते समजू दे. चित्र मनापासून आवडलं, रोज बघावंसं वाटलं आणि गेलेला पैसा पुन्हा आठवणारच नसेल तर खुशाल घ्या. घर सजवायला घेतलंय, एवढंच समजा. पण पुढं विकून चार पैसे मिळतील म्हणून घेणार असाल तर ते पैसे समुद्रात टाका. निदान घरी आणून टांगायला तरी लागणार नाही.

खोलीचा मालक बिचारा गणपतीपर्यंत थांबला. मग त्यानं खोली युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखानदाराला गोडाऊनला दिली. आता आमच्या जिन्याखाली शाळेच्या चड्ड्यांचे गठ्ठे आहेत.

फोनवर अव्वाला सांगायचं धाडस मला होईना. हे रोज म्हणायचे, थांब, एक जण बघतोय, विकलं जाईल, दुसरी खोली बघू. दसरा झाला. कुणी बघत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, चला मैंदर्गीला, आणि तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा.

फोनवर येतोय एवढंच कळवलं होतं. दारात पोचलो तर अव्वा नवं लुगडं नेसून बसलेली. घर रिकामं. भिंतीवरच्या फळीवर भांडं नाही, कोपऱ्यात गॅस नाही, परातही नाही. एक ट्रंक, एक घागर, एक पेला. मी विचारलं, "अव्वा, सामान कुठं?" ती म्हणाली, "वाटलं की. तितं तू येगळा गॅस मांडणार, मग दोन-दोन संसार कशाला? शेगडी पलीकडच्या सुनंला दिली, परात हिला, तवा तिला. समद्यास्नी सांगितलं, लेकीनं खोली घेतलीया माझ्यासाठी." आणि हसली. तोंडात उरलेले चार दात दिसले.

हे भिंतीवरच्या रिकाम्या फळीकडं बघत राहिले. शेवटी मीच सांगितलं. खोली गेली, पैसे गेले, कशात गेले तेही. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. तिनं एकदाच विचारलं, "चित्रात गेले?" मी म्हटलं, हो. ती "बरं" म्हणाली आणि नव्या लुगड्याचा पदर उगीचच सारखा करत राहिली.

ते बघून माझा तोल गेला. मी यांना म्हटलं, "उठा. त्या हॉलमध्ये परक्यांपुढं हात खाली घ्यायची लाज वाटली ना? आता घरोघर जा आणि माझ्या आईची शेगडी मागून आणा. तवा मागा, परात मागा. सांगा, का मागताय ते." हे उठले. चपला घातल्या. खरंच जाणार होते असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मी यांना अर्धं माफही केलं असतं.

पण अव्वा माझ्यावर कडाडली. "जावयाला दारोदार धाडतीस व्हय? अक्कल हाय का न्हाय तुला? बसा वो तुमी, बसा." असं म्हणून तिनं घागरीतलं पाणी त्या एकुलत्या पेल्यात ओतून यांच्या हातात दिलं, काठी घेतली आणि उंबरा उतरली. हे बसले. चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि बसले.

मी तिच्या मागं गेले. पलीकडच्या दारात उभं राहून ती मोठ्यानं म्हणाली, यांना आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "शेगडी दे गं माझी. न्हाय जात मी सोलापूरला. पोरगी, जावई दोगंबी लई मागं लागलेत, पर माझाच जीव न्हाय रमायचा तितं." ती सून म्हणाली, "अवो, कालपर्यंत तर किती हरकला होता." अव्वा म्हणाली, "म्हातारीचं मन हाय, फिरलं." तेच बोलणं तिनं प्रत्येक दारात केलं. मी परात काखेत धरून तिच्या मागं मागं. गावात जावयाची मान खाली जाऊ नये म्हणून ती गुडघे ओढत स्वतःची मान खाली घालत फिरत होती.

संध्याकाळी परतीची बस पकडली. अक्कलकोटच्या पुढं कुठंतरी यांनी घसा खाकरला. गेले कित्येक महिने यांच्या चेहऱ्यावर नव्हता असा निवांतपणा आला होता.

"मी तुला म्हणत नव्हतो?" हे म्हणाले. "अव्वांचंच मन नव्हतं यायचं. ऐकलंस ना, सगळ्या गल्लीला सांगत होत्या. उगीच तू खोलीचं घेऊन बसली होतीस."