कुटुंबप्रमुखाचं उत्तर

माझं तोंड तिखट आहे, आमच्या कसबा बावड्यात कुणालाही विचारा. पण हुपरीत जे झालं ते तोंडामुळं नाही झालं. मी हुशारी दाखवायला गेले म्हणून झालं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माझाच येतो.

एम.ए. झाल्या झाल्या मला एका पाहणीचं काम मिळालं. आपल्याकडं इंटरनेट किती घरांत पोचलंय ते मोजायचं. बटणांच्या फोनवर नेट नुकतंच येऊ लागलं होतं. टचचा फोन कुणाच्या हातात दिसला तर लोक अजून वळून बघायचे. ठरलेल्या घरांत जायचं, छापील फॉर्म भरायचा, आणि सहा महिन्यांनी त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न परत विचारायचे. मधे जो फरक पडला तेवढी वाढ. नियम एकच होता आणि साहेबांनी तो तीनतीनदा बजावला होता: उत्तर कुटुंबप्रमुखाचंच घ्यायचं, बाकीच्यांना विचारत बसायचं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याही घरी दारात आलेल्या माणसाशी वडीलच बोलायचे.

माझ्या वाट्याला हुपरी आली. तिथं घरोघर चांदीचं काम. पुढच्या सोप्यात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथं माणसं पैंजणं घेऊन बसलेली. गेल्या गेल्या "या की पावणं, बसा" म्हणायचे, चहा यायचा. मग मी विचारायचे, घरात कुणी इंटरनेट वापरतं का? "न्हाय." गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी? "न्हाय ओ. कशाला पायजे ते?" आठवडाभर हेच चाललं. साहेबांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "एवढ्या घरांत एकही नाही? तू चहाच्या टपरीवर बसून भरतेस की काय?"

माझं डोकंच सटकलं. एसटीत उभं राहून जायचं, पाय तुटेस्तोवर फिरायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. मग मी एक युक्ती काढली. घरातला म्हातारा "न्हाय" म्हणाला की मी म्हणायचे, "फोन जरा दाखवता का?" फोनमध्ये पृथ्वीच्या गोळ्याचं एक चित्र असायचं. ते दाबलं की कुणीतरी शेवटचं उघडलेलं पान समोर यायचं आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. एका घरात क्रिकेटचा स्कोअर निघाला, एका घरात नातवानं उतरवून घेतलेली गाणी. म्हातारे खूश व्हायचे. "आयला, माझ्याच फोनात हाय व्हय हे?" घरभर हसू पसरायचं, आणि मी "नाही" खोडून "होय" लिहायचे. त्या युक्तीचा मला भलताच अभिमान वाटत होता. साहेबांचं तोंड आता बंद होणार म्हणून मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

अशीच एका घरात गेले. सासरे, मुलगा आणि सून, तिघांचंच घर. मुलगा माल घेऊन कोल्हापूरला गेला होता. सासरे सोप्यात पैंजणांच्या जोड्या लावत होते. सून भिंतीकडेला खाली मान घालून घुंगरू जोडत बसली होती. माझ्याच वयाची असेल. आत गेल्यापासून मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"नेट? असलं काय आमच्यात न्हाय," सासरे म्हणाले.

"फोन जरा दाखवता का?"

घरात फोन एकच होता, तो फळीवर ठेवलेला असायचा. सासऱ्यांनी हात वर नेला तेवढ्यात सून म्हणाली, "आबा, त्याची बॅटरी संपलीया."

तोवर फोन माझ्या हातात आला होता. मी बघितलं आणि म्हणाले, "दोन कांड्या आहेत की."

हे मी म्हणाले. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. अनोळखी माणसाकडं इतकं सरळ कुणी बघत नाही. मला वाटलं, फोन परक्याच्या हातात द्यायला नको म्हणून बघते आहे. काय अक्कल म्हणायची ही.

मी गोळा दाबला. पान वरून खाली सावकाश उघडत गेलं आणि मी सवयीनं वाचायला लागले. महिला पोलीस शिपाई भरती. आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे. खाली अर्जाचा क्रमांक. त्याखाली एका बाईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. मग, प्रवेशपत्र सोमवारपासून याच ठिकाणी उपलब्ध होईल. नावाशी आले तेव्हाच माझा आवाज बारीक झाला होता, तरी मेलं ते तोंड शेवटपर्यंत वाचत गेलं. घुंगरांचा आवाज थांबला होता.

सासऱ्यांनी आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते, ते मला जमतं. पण ते एक शब्द मोठ्यानं बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, मागचं झाकण काढलं आणि बॅटरी काढून खिशात टाकली. सुनेकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "मगाशी न्हाय म्हणलं की. लिवा."

आणि मी लिहिलं. इतर घरांत फोन उघडून "होय" लिहिणारी मी, त्या घरात गुमान "नाही" लिहून, सही करून बाहेर पडले. रस्त्यावर आले. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि किती वेळ बसले होते मला आठवत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून म्हणाली, "तुला वाचता येतंय हे कुणाला दाखवायचं होतं गं?" मी जेवले नाही.

प्रवेशपत्राशिवाय भरतीच्या मैदानावर कुणाला घेत नाहीत हे मला माहीत होतं. आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत, त्यामुळं अर्जाचा क्रमांक पाठ झाला होता. सोमवारी मी नेट कॅफेत जाऊन बसले. क्रमांक घातला, तर पासवर्ड मागितला. तो तिच्याजवळ. तिचं नाव घालून बघितलं, गावाचं नाव घालून बघितलं, काय सुचेल ते घालून बघितलं. एक तास वेड्यासारखी तेच करत होते. शेवटी खातं बंद झाल्याची लाल ओळ आली. आपण तिची राहिलेली वाटही बंद केली की काय, या विचारानं मी तशीच उठले. हुपरीला जाऊन विचारायचं तर कुठल्या तोंडानं जायचं? गेले नाही. खरं सांगायचं तर भ्याले.

सहा महिन्यांनी जावंच लागलं. फेरीची घरं ठरलेली होती, ते घर टाळता येईना. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून मी साहेबांकडं हट्ट धरला, तर ते म्हणाले, "का? कुत्रं चावतंय काय तिथं?"

दारात पोचले तर सासरे उठून उभे राहिले. "या या ताई! वाटच बघत होतो." मला काही कळेना. त्यांनी खिशातनं टचचा फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "ह्यो बगा चांदीचा दर. सकाळी उठलं की पयला ह्यो बगतो. मुंबईचा बगतो, बेळगावचा बगतो. तुम्ही त्या दिवशी दाखवलासा म्हणून कळलं, न्हायतर आम्ही अडाणीच ऱ्हायलो असतो." आणि आत बघून म्हणाले, "सूनबाई, ताईस्नी च्या टाक."

मी खाली बसले. मनात शिव्या घोळवून आले होते, आणि हा माणूस माझे आभार मानत होता. मी फॉर्म काढला. घरात इंटरनेट आहे का? "हाय की. लिवा मोठ्या अक्षरानं." कोण कोण वापरतं? "मी आन ल्योक." घरातल्या बायका?

सून चहाचा कप माझ्यापुढं धरून उभी होती.

"त्यास्नी कुठलं येतंय ते," सासरे म्हणाले.

तिचा हात हलला नाही. मी कप घेतला. नियम होता, उत्तर कुटुंबप्रमुखाचं. मी पुरुष दोन लिहिले, बायका शून्य लिहिलं.

निघताना बाहेर चपला घालायला वाकले तेव्हा ती रिकामा कप विसळायला अंगणात आली होती. मी हळूच म्हणाले, "माझं चुकलं. लई चुकलं. मी तुझं प्रवेशपत्र काढायला गेले होते, पण..."

"तारीख गेली ओ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "तीन महिने फाटंचं उठून गच्चीवर पळत हुतो मी. आबांस्नी वाटायचं कपडे वाळत घालालीया." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही आल्यापासनं आबांशीच बोलत हुतासा. मला एकदा इचारलं असतं तर मी बी न्हायच म्हणलं असतं. तुम्ही तेवढं लिवून गेला असतासा."

तेवढ्यात सोप्यातनं हाक आली, "सूनबाई, ह्यो फोन अडकून बसलाय बग. बोट लावलं तरी हलंना."

ती पदराला हात पुसत गेली. त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि ते पैंजणांच्या जोड्या लावायला लागले. तिनं उभ्या उभ्या दोन-तीनदा बोट फिरवलं, फोन बंद करून परत चालू केला, चांदीच्या दराचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि भिंतीकडेला जाऊन घुंगरू हातात घेतले. सासऱ्यांनी वर बघितलं नाही.

मी दारात उभी राहून हे सगळं बघितलं. फॉर्मवर बायका शून्य होत्या आणि तो फॉर्म मी तसाच साहेबांना दिला.