गॅलरीत वाळवलेली माती

सासऱ्यांचा मका गुडघाभर झालेला. आंबिवलीपलीकडे त्यांचं शेत, आणि युरियाचा दुसरा हप्ता द्यायची वेळ. सासरे मुठीच्या अंदाजाने खत टाकणारे. मी, डोंबिवलीचा शहाणा जावई, मध्ये तोंड घातलं. "आधी माती तपासा. उगाच कशाला ओतायचं?" आणि काय आश्चर्य, त्यांनी ऐकलं. त्या घरात माझं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं.

शेतात ठिकठिकाणी उकरून ओली माती घरी आणली. सावलीत वाळवायची म्हणून गॅलरीत पेपरवर पसरली. सकाळी बघतो तर कबुतरांनी तिच्यावर मनसोक्त उरकून घेतलेलं. पांढरं, हिरवट, मध्येच चिकटलेलं एक पीस. वास असा, की हातातला चहा मोरीत ओतला.

"शी! फेकून दे ते," बायको म्हणाली.

फेकायचं म्हणजे परत चिखलात जाणं आलं. आळशी माणसाचं डोकं फार चालतं. मी स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं, वरवरचं खरवडलं आणि उरलेलं नीट कालवलं. हो, कालवलं. हाताने. लिहितानाही बोटं पँटला पुसतोय. ते उलथनं बायकोने चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं, पण बघत होती माझ्याकडे.

माती कल्याणला तपासायला दिली. रिपोर्ट आला: नत्र भरपूर, युरिया नको. सासऱ्यांनी गोण तशीच बांधून ठेवली.

पुढे एका सकाळी त्यांचा फोन. "पाव्हनं, मका पिवला परला. खालची पानं शेंड्याकरनं सुकत चाललीत. तुमचा कागद काय बोलतो?"

गप्प बसलो असतो तर सगळा मका हातचा गेला असता. सांगून टाकलं.

"म्हंजे कबुतराचं हगनं तपासलं? आन तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवलाय, रं बाबा!"

मागून सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

"काय नाय. जावयानं कबुतरं तपासून आनली."

त्याच दुपारी त्यांनी युरिया टाकला. वरची पानं सावरली, खालची गेली ती गेलीच. कणसं आली, पण आखूड, टोकाला दाणेच नाहीत. सासूबाईंनी ती भाजून सगळ्यांना वाढली. माझ्या ताटात कणीस ठेवताना सासरे एवढंच म्हणाले, "खावा. धुतलंय."