लाल बाहेर, हिरवा आत

लोटन मिस्तरीच्या घराचं दार कोरं होतं. गावातल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गाड्यांची चाकं त्याच्या हातची, लग्नघरांच्या चौकटींवरचे वेल त्याच्या हातचे, पाळण्याच्या खुंट्यांवरचे पोपट त्याच्या हातचे, आणि पोळ्याला तर झाडून साऱ्या बैलांची शिंगं त्यानंच रंगवायची. पण स्वतःच्या घराला सागाच्या नुसत्या दोन फळ्या. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवला की झालं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "रंग आजून ठरना नही."

आतून त्याची बायको भिकुबाई ऐकवायची, "आमनं लगीन व्हयनं तवयपाईन ठरी ऱ्हायना तो रंग. हाई दारमाईन मनी तिरडी निंघी, मंग ठरी."

आमचं गाव पांझरेच्या काठी. धुळ्याहून बैलगाडी जुंपली की सकाळची भाकर पोटात जिरेपर्यंत गाव येतं. लोटन जातीचा सुतार. बापानं त्याला रंधा शिकवला, वाकस शिकवला, चाकाला आरे कसे बसवायचे ते शिकवलं. रंग त्याचा तोच शिकला. धुळ्याला लाकडासाठी गेला की रंगाऱ्यांच्या गल्लीत दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांखाली मान वर करून उभा राहायचा. एका रंगारणीनं बरेच दिवस पाहिलं आणि शेवटी काठी घेऊन बाहेर आली. "बायास्ना लुगडा काय देखस रे मेल्या?"

"लुगडं नही देखी ऱ्हायनू, मावशी. काठ देखी ऱ्हायनू. जांभयाले पिवया काठ तूनच लाया का?"

त्या मावशीनं मग त्याला काठी दाखवायच्या ऐवजी चहा पाजला, असं तो सांगायचा. भिकुबाईचं म्हणणं, काठी आधी आणि चहा नंतर.

आमच्याकडे 'आले'ला उनात म्हणतात, 'आहेत'ला शेत, काळ्याला काया, पिवळ्याला पिवया, निळ्याला निया. ळ आमच्या जिभेवर टिकत नाही. पण लोटनचा रंग टिकायचा. हिंगूळ, पिवडी, नीळ, काजळी, एकेक खलात घालून जवसाच्या तेलात असा घोटायचा की बोटावर घेतला तर लोण्यासारखा लागावा. हिरवा विकत आणायचा नाही. पिवडीत नीळ घालून स्वतःच करायचा, आणि करताना कोणाशी बोलायचा नाही.

त्याचं एक ठाम मत होतं. एकट्या रंगाला किंमत नाही. "पिवयाजोडे निया बसाडा," म्हणायचा, "दोन्ही ताठ बसतस. पिवयाजोडे पांढरा बसाडा, दोन्ही मयतले उनात असा दिसतस." गुलाबी रंगाचा तर त्याला भारी राग. गुलाबी म्हणजे तापातून उठलेला लाल, हे त्याचं म्हणणं. आणि भिकुबाईचं माहेरचं लुगडं नेमकं गुलाबी. सणाला ती तेच नेसायची. मुद्दाम नेसायची, हे मी नाही, तीच सांगायची.

शिंगांच्या रंगाचं आमच्या गावाला नुसतं कौतुक नव्हतं, ती गरज होती. गायरानात बैल सुटलेले असले की लांबून अंग दिसत नाही, शिंगं दिसतात. म्हणून लोटननं घरोघर रंगांची जोडी ठरवून दिली होती. एका घराची दुसऱ्याला नाही. शेजाऱ्याची शेजाऱ्याच्या जवळपासही नाही. एका साली हिलाल नावाच्या माणसाला हौस आली. लोटनला म्हणाला, "नाना, मना बैलले बठ्ठा रंग लावा." लोटननं पुष्कळ समजावलं. ऐकेना, तर लावले. बैलाच्या डोक्यावर बोहारणीचं गाठोडं सुटल्यासारखं दिसायला लागलं. त्यानंतर वर्षभर गावात कोणाचंही रान बैलानं खाल्लं की धनी हिलालच्या दारात. कोणी लाल पाहिलेला असायचा, कोणी हिरवा, कोणी निळा, आणि हिलालच्या बैलावर सगळेच होते. पुढच्या पोळ्याला हिलाल सर्वांत आधी येऊन बसला. "नाना, दोनच लावा. हात जोडस."

आता मूळ गोष्ट. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची.

गावात पोळ्याचा मान पंडित आबांच्या घराचा. तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जायची. आणि आमच्याकडची रीत अशी की मानाच्या जोडीच्या शिंगांना रंग लागल्याशिवाय लोटनचा कुंचला दुसऱ्या बैलाला शिवायचा नाही. आबांचा रंग लाल-हिरवा; तो ज्याच्या शिंगांवर, मान त्याचा. आबा गेले, आणि वर्ष उलटायच्या आत त्यांचे दोन मुलगे वेगळे झाले. थोरला तोताराम, धाकटा गिरधर. पंचांनी शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, भांडी वाटली. बैलजोडी एकच होती, खंड्या आणि वजीर. दोघा भावांतला एकही ती दुसऱ्याला द्यायला तयार नाही. तेव्हा पंचांनी शहाणपणा केला. खंड्या तोतारामला, वजीर गिरधरला. वाटणी चोख झाली, फक्त बैलांना कोणी विचारलं नाही.

खंड्या कायम जूच्या उजवीकडे चालणारा, वजीर डावीकडे. म्हणून तोतारामनं बाजारातून डाव्या अंगाचा एक नवा बैल आणला आणि गिरधरनं उजव्या अंगाचा. दोघांच्या जोड्या झाल्या. राहिला तो रंग. रंग वाटायचं पंचांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पोळा जवळ आला तसा तोताराम लोटनकडे आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "नाना, लाल-हिरवा मना बैलेसले. मी मोठा शे. धाकलाले दिधा त मी दुसरा गावना मिस्तरी आनसू, आनि मनासंगे अर्धं गाव त्यानाकडथून शिंगे रंगाडी."

तो गेला तसा गिरधर आला. "नाना, आबानी चाकरी शेवटपावत मी करी. लाल-हिरवा मना. मोठाले दिधा त..." पुढचं तेच.

दोघंही खोटं बोलत नव्हते. गाव खरंच मधोमध चिरलं होतं. लोटनला काळजी पुढची. एका गावात दोन रंगवणारे झाले की कोणता रंग कोणाचा हे कोण ठरवणार? साऱ्या गावाचा हिलाल व्हायचा. आणि शिंगांचा कुंचला हातातून गेला की लोटनकडे राहिलं काय? रंधा आणि भिकुबाई.

"आते काय करशात?" भिकुबाईनं विचारलं.

"शिंगे रंगाडसू."

"कोनता रंग?"

"ज्याना जो शे तो."

"दारना रंग ठरत नही त्याले, आनि चालना गावना निवाडा कराले," असं म्हणून ती पुरणाची डाळ निवडायला बसली.

पोळ्याच्या सकाळी सगळे बैल नदीवर धुऊन, शिंगं साळून लोटनच्या अंगणात हजर. अंगणात मावेनात, तर गल्लीत उभे केले. तोताराम एका बाजूला आपली जोडी घेऊन, गिरधर दुसऱ्या बाजूला आपली घेऊन. मध्ये लोटन वाट्या मांडून बसलेला, आणि रंग घोटतोय तो घोटतोच आहे. घराघरांतून खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा वास सुटलेला. माणसं कावली. हिलाल म्हणाला, "नाना, मना बैल सुकाई गया. परत नदीवर लयी जाऊ का?"

मग लोटन उठला. खंड्याकडे गेला. त्याचं उजवं शिंग लाल केलं, डावं हिरवं केलं. तोताराम खुलला. भावाकडे बघून मिशीवर बोट फिरवलं. पण लोटननं त्याच्या नव्या बैलाचं डावं शिंग पिवळं केलं आणि उजवं निळं.

"हाई काय, नाना?"

"नवा बैल, नवा रंग. उभा ऱ्हाय गुमान."

तिथून तो गिरधरकडे गेला. वजीरचं डावं शिंग लाल, उजवं हिरवं. गिरधरच्या नव्या बैलाचं उजवं पिवळं, डावं निळं. आणि कुंचला पुसून बाजूला झाला.

दोघा भावांनी आपापल्या जोड्या पुढे काढल्या. सारी गल्ली माना उंच करून बघायला लागली. तोतारामच्या जोडीला एकीकडून पिवळा, मग निळा, त्याला लागून हिरवा, शेवटी लाल. गिरधरच्या जोडीला लाल, हिरवा, निळा, पिवळा. निळा आणि हिरवा मधोमध एकमेकांना चिकटून असे मळकट दिसायला लागले की बैलांना सर्दी झाल्यासारखी वाटावी.

म्हातारी सुंदरबाई ओट्यावरून म्हणाली, "का रे, हिलालना बैल शेत का ह्या?"

जी काही हसाहस झाली! हिलाल सर्वांत मोठ्यानं हसला. त्याला इतक्या वर्षांनी कोणी जोडीदार मिळाला होता.

तोताराम तापला. "नाना, तुम्ही मना बैलेसना तमासा करा!"

"मना बी!" गिरधर ओरडला. वेगळं झाल्यापासून दोघं एका बाजूनं बोलले ते तेव्हाच.

लोटन म्हणाला, "मी काय करं रे? खंड्याले दर सालले जो रंग, तोच दिधा. वजीरले बी तोच. तुम्ही बापना रंग मांगा, मी बापना रंग लाया."

"मंग आसा काबर दिसस?"

"तो रंग बैलना नही, जोडीना शे. मी सुतार शे, मी त्याले दारनागत रंगाडं. लाल चौकट बाहेर, हिरव्या फळ्या आत. इतला साल तुम्ही देखात, आनि तुम्हले दिसनं नही? आते एक फळी याना घर, एक फळी त्याना घर. मंग दार कसं दिसी?"

यावर भाऊ काय म्हणाले असते कोण जाणे. पण बोलाचाली चालू असताना वजीरनं गर्दीतून खंड्याला पाहिलं. इतकी वर्षं एका जूला मान दिलेली. त्यानं मान हलवली आणि सरळ चालायला लागला. हातातल्या कासऱ्याबरोबर गिरधरही ओढला गेला, एक पाय शेणात, एक रंगाच्या वाटीत. वजीर जाऊन खंड्याच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि रवंथ करायला लागला. लाल, हिरवा, हिरवा, लाल.

"हां," हिलाल म्हणाला. "आते बैल दिसनात."

मागे राहिलेले दोन नवे बैल कोणीतरी एकमेकांशेजारी उभे केले. पिवळा, निळा, निळा, पिवळा. ती जोडी तर आबांच्या जोडीहून देखणी दिसत होती, पण ते त्या दिवशी कोणी बोललं नाही.

तोताराम शिंगांकडे बघत म्हणाला, "मी त्यानासंगे बोलाऊ नही."

"कोन सांगस बोल म्हनीसन?" ओट्यावरून सुंदरबाई. "तू खंड्याना कासरा धर, तो वजीरना धरी. मधमा बैल शेत ना. आनि झटकन आवरा, मांडा थंडा व्हयी ऱ्हायनात!"

लोटननं मग कुंचला उचलला आणि उरलेल्या गावाची शिंगं अशी झपाट्यानं हाणली की काही बैलांच्या कानांनाही रंग लागला. ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे तोरणापाशी जमले. पुढे खंड्या-वजीर. उजवीकडे तोताराम, तोंड उजवीकडे. डावीकडे गिरधर, तोंड डावीकडे. मागे ती नवी जोडी, आणि तिचा कासरा धरायला माणूस नाही, कारण दोन्ही धन्यांचे हात गुंतलेले.

"नाना, तुम्हीच धरा," गिरधर म्हणाला.

"धरा," तोतारामही म्हणाला. म्हणजे पुन्हा एका बाजूनं बोलले.

लोटननं जन्मभर गावाचे बैल सजवले, पण सुताराच्या दारात कुठला बैल? तोरणाखालून तो कधी गेलाच नव्हता. कासरा हातात घेतला आणि अशा ऐटीत चालला की वाजंत्री कोणासाठी वाजवायचं हे वाजंत्रीवाल्यांना कळेना. तोरणापलीकडून जोडी तिच्या धन्यांच्या घरी न्यायची, तर यानं आधी स्वतःच्या घरी नेली.

भिकुबाई गुलाबी लुगडं नेसून दारात उभी. हातात ताट, ताटात मांडा. तिनं बैलांना ओवाळलं, मांडा चारला. मग नवऱ्याकडे पाहिलं. "जनमले एक डाव दारसे बैल उनात," म्हणाली, "आनि तेबी लोकेसना."

तेवढ्यात त्यातल्या एका बैलाला खाज सुटली. तेलाचा रंग, सकाळी लावलेला, अजून ओलाच. त्यानं डोकं खाली घातलं आणि दाराच्या कोऱ्या फळीवर वरपासून खालपर्यंत पिवळं शिंग घासलं. पिवळ्याचा एक जाड पट्टा उमटला. डोकं फिरवून दुसरं शिंग घासलं, शेजारी निळा पट्टा.

लोटन बघत राहिला. "ठरना," म्हणाला.

"अर्धाच ठरना," भिकुबाई म्हणाली. "बैलनी एकच फळी घासी. दुसरी मी रंगाडसू."

"कोनता रंग?"

तिनं नुसता पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दाराची डावी फळी पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची झाली आणि उजवी गुलाबी. लोटन त्या फळीकडे पाठ करून बसायचा. त्यानंतर दरसाल पोळ्याला तोताराम आणि गिरधर आपापले बैल घेऊन यायचे, एक दिवस जोडी जुळवायचे आणि संध्याकाळी पुन्हा फोडून न्यायचे. बोलणं नाहीच. पण आले की लोटनच्या दारापुढे दोघं थांबायचे, त्या फळ्यांकडे बघायचे, आणि एकदा तर तोताराम खंड्याच्या पाठीवरून पलीकडे म्हणालाच, "हाई जोडीपेक्षा आपली बरी रे."

गिरधर म्हणाला, "जराशी."