लवंगेचा वास

माझे वडील गुत्त्यावरून घरी येताना तोंडात दोन लवंगा धरायचे, दारूचा वास लपावा म्हणून. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत तेवढ्याने काय लपणार होतं! लवंगेचा वास दारात आला की आई मला मोरीत ढकलून बाहेरून कडी लावायची, आणि मग पट्ट्याचा आवाज सुरू व्हायचा. एकदा त्यांनी तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. भुवईवर चार टाके पडले. दवाखान्यात आई म्हणाली, "मोरीत पाय घसरला." डॉक्टरांनी मान डोलावली. सगळ्यांच्याच सोयीचं होतं ते.

म्हणून लग्नाआधी मी नवऱ्याला एकच अट घातली. आपल्या घरात कुणी कुणावर हात उचलायचा नाही. तो हसला. त्याला वाटलं, अट त्याच्यासाठी आहे. मला धास्ती माझीच होती. रागाच्या बाबतीत मी वडिलांवर गेलेय. कॉलेजात छेड काढणाऱ्या एकाचं नाक मी जेवणाच्या डब्याने फोडलं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही मांजरी गावाच्या बाजूला एका छोट्या ब्रुअरीत गेलो. तिथे जर्मन पद्धतीच्या बिअर बनवतात, आणि नवऱ्याला हौस दांडगी. दोघांसमोर एकेका लाकडी फळीवर जाड बुडाचे चार छोटे ग्लास आले, फिकट बिअरपासून काळीपर्यंत. पहिली सोनेरी, ताज्या पावाच्या वासाची. मला चक्क आवडली. दुसरी गव्हाची, गढूळ.

"आधी वास घ्या, मॅडम," बिअर बनवणारा म्हणाला. "केळं येईल, मग लवंग. आम्ही यातलं काहीच घालत नाही, सगळं यीस्टचं काम."

मी नाक खाली नेलं. केळं आलं. मग लवंग आली, आणि तिच्याखाली दारू. तेवढ्यात आपला ग्लास संपवून फोटो काढायला मागे गेलेला नवरा माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकला. "अगं, कशी वाटली?" त्याच्या तोंडाला तोच वास होता.

मी वळून हातातला ग्लास मारला. जाड बूड थेट त्याच्या भुवईवर बसलं. तो टेबल धरायला गेला तशी फळी उलटली आणि तो खाली पडला. मी वाकून पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा उचललेला हात ब्रुअरीवाल्याने मागून धरला. फरशीवर बिअर आणि रक्त एकत्र वाहत होतं. खरं सांगते, पहिल्या फटक्याला मला बरं वाटलं होतं. आता सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

जवळच्या दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "काही नाही. फरशी ओली होती, पाय घसरला."

आईचं ते वाक्य मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि सुईत दोरा ओवला.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. "मी मारलं."